पेंग्विनांच्या खात्यात शिल्लक किती?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत सुट्टीच्या दिवशी पेंग्विनांच्या काचेसमोर उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानावर येतो : "पण इथे बर्फ कुठाय?" मूल विचारते आणि आई-बाबाही उत्तरासाठी इकडेतिकडे पाहू लागतात. बर्फ नाही, कारण या पेंग्विनांना तो लागतच नाही. २०१६ साली सोलहून आणलेले हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तो किनारा म्हणजे जगातल्या अतिशय कोरड्या वाळवंटाची कड. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे पिढ्यान्‌पिढ्या साचून वाळलेले थर तिथे असतात. त्यांत बिळे कोरून हे पक्षी राहतात आणि समोरच्या गार समुद्रात मासे मारतात.

पेंग्विन म्हणजे बर्फ, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके घट्ट बसले आहे की त्यापुढचे गणितही आपण न तपासता मांडतो : पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतो आहे, म्हणजे पेंग्विन संपणार. प्रत्यक्षातले आकडे मात्र असे सरळ रेषेत चालत नाहीत. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲडेली पेंग्विन झपाट्याने कमी झाले. त्याच किनाऱ्यावर, त्याच हवेत, जेंटू पेंग्विन वाढले. आणि पूर्व अंटार्क्टिकात दूमों द्युरव्हील या फ्रेंच तळाजवळ २०१६-१७च्या हंगामात ॲडेलींच्या सुमारे १८,००० जोड्यांनी अंडी घातली, तेव्हा त्या सगळ्या खटाटोपातून फक्त दोन पिल्ले जगली. त्या वर्षी तिथे बर्फ कमी नव्हता. गरजेपेक्षा जास्त होता.

एकीकडे बर्फ घटला म्हणून संख्या घटते, दुसरीकडे बर्फ वाढला म्हणून पिल्ले मरतात, आणि तिसरीकडे बर्फ घटल्यावर संख्या वाढते. मग पेंग्विनांचे भवितव्य नेमके ठरते कशावर?

उकाडा हे मुख्य कारण नव्हे

पेंग्विनांच्या साधारण १८ जाती आहेत. त्यांतली एक विषुववृत्तावरच्या गॅलापागोस बेटांवर राहते, तर एक अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात अंडी घालते. एवढा पल्ला असलेल्या पक्ष्यांना एखाद-दोन अंशांची वाढ थेट मारून टाकत नाही. त्यांना मारते ती उपासमार आणि भिजणे.

पेंग्विनाला उडता येत नाही, हे वाक्य आपण शाळेत वाचून सोडून देतो. त्याचा अर्थ फार मोठा आहे. एखादा समुद्रपक्षी पिल्लासाठी अन्न आणायला शेकडो किलोमीटर उडून परत येऊ शकतो. पेंग्विनाला तेच अंतर पोहून किंवा बर्फावरून चालून कापावे लागते, आणि परत येऊन पोटातले अन्न पिल्लाच्या चोचीत ओतावे लागते. त्यामुळे पिल्लांच्या दिवसांत त्याचा समुद्र अगदी लहान होतो. त्या लहान वर्तुळात, त्याच आठवड्यांत अन्न मिळाले तर पिल्लू वाढते. अन्न थोडे लांब सरकले, किंवा महिनाभर आधी येऊन निघून गेले, तर पालक धडधाकट असूनही पिल्लू उपाशी मरते.

दुसरी गोष्ट भिजण्याची. मोठ्या पेंग्विनाची पिसे कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात, पाणी आत शिरत नाही. पिल्लाच्या अंगावर मात्र मऊ लव असते. ती कोरडी असेपर्यंत ऊब धरते, भिजली की कामातून गेली. २०१३-१४ मध्ये त्याच फ्रेंच तळाजवळ ॲडेलींचे एकही पिल्लू वाचले नाही. त्या हंगामातही बर्फ पसरलेला होता, आणि भरीला हवा अनपेक्षितपणे उबदार होऊन पाऊस पडला. पुढे थंडी परतली तेव्हा ओली पिल्ले गारठून गेली. अंटार्क्टिकातला पाऊस ही वरकरणी किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. पिल्लांच्या दृष्टीने ती हिमवादळाहून घातक.

थोडक्यात, कोरडी जागा, हाताशी अन्न, आणि या दोन्हींचा मेळ नेमक्या काळात बसणे, हे तीन धागे एकत्र आले तर हंगाम साधतो. हवामान बदलते तेव्हा ते या धाग्यांना निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या दिशेने ओढते. म्हणून एकाच तापमानवाढीचे निकाल जागोजागी वेगळे दिसतात.

एम्पररचे उलटे वर्ष

सगळ्यांत मोठा पेंग्विन म्हणजे एम्परर. उंची साधारण मीटरभर किंवा थोडी जास्त, चांगल्या दिवसांत वजन ४० किलोच्या आसपास. अंटार्क्टिकातले इतर पेंग्विन उन्हाळ्यात, खडकावर वीण करतात. एम्परर मात्र जवळजवळ सर्वत्र गोठलेल्या समुद्रावरच, तोही हिवाळ्याच्या तोंडावर, अंडे घालतो.

मे-जूनमध्ये मादी एकच अंडे घालते. ते ती नराच्या पायांवर सरकवते, आणि हा सगळ्यांत जोखमीचा क्षण. अंडे बर्फावर पडून थोडा वेळ जरी राहिले, तरी गोठते. नर ते पायांवर तोलून पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकतो आणि मादी समुद्राकडे निघून जाते. पुढचे सुमारे ६५ दिवस नर ते उबवतो. आधीचा प्रियाराधनाचा काळ धरला तर त्याचा उपास जवळजवळ चार महिन्यांचा होतो आणि वजनात चाळीस टक्क्यांपर्यंत घट होते. बाहेर उणे ४० अंश असताना शेकडो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात. दाटीच्या मध्यभागी तापमान ३७ अंशांपर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे मे महिन्यातल्या विदर्भाची आठवण व्हावी इतका नसला, तरी मुंबईकराला घाम फुटेल एवढा उकाडा.

हा एवढा उरफाटा कार्यक्रम का? कारण पिल्लू मोठे व्हायला पाच महिने लागतात आणि ते समुद्रात उतरेल तेव्हा उन्हाळा, म्हणजे अन्नाचा सुकाळ, असायला हवा. डिसेंबरपासून मागे मोजत आले की अंडे हिवाळ्यातच घालावे लागते. या हिशेबात एक अट गृहीत आहे : किनाऱ्याला घट्ट चिकटून गोठलेला बर्फ एप्रिलपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत जागचा हलता कामा नये. तो आधी फुटला तर लव अंगावर असलेली पिल्ले पाण्यात पडतात आणि बुडतात किंवा गारठतात. उलट तो फार रुंद पसरला, तर खुल्या पाण्यापर्यंतची पालकांची पायपीट वाढते आणि पिल्लाच्या वाट्याला कमी खेपा येतात. बर्फ हवा, पण बेताचा आणि वेळेवर सुटणारा.

मुद्दल आणि व्याज

आता आकड्यांकडे. पिल्ले मेल्याची बातमी येते तेव्हा आपल्याला वाटते की जात संपत चालली. पण पिल्ले मरणे आणि जात घटणे यांच्यात बरेच अंतर असते. ते समजायला बँकेतली ठेव आठवावी. विणीला आलेले प्रौढ पक्षी हे मुद्दल. दर वर्षी वाढून समुद्राला लागणारी पिल्ले हे व्याज.

एम्परर दीर्घायुषी आहे. वीस वर्षे सहज जगतो. प्रौढांपैकी दर वर्षी शंभरातले सुमारे ९५ पुढच्या वर्षात पोचतात. अंडे मात्र वर्षाला एकच आणि वीण सुरू होते साधारण पाचव्या वर्षी. म्हणजे मुद्दल भक्कम, व्याजदर कमी.

समजा, एका वसाहतीत १०० जोड्या आहेत, म्हणजे २०० प्रौढ. शेकडा पाच या दराने वर्षाला १० प्रौढ मरतील. हा खर्च. शंभर अंड्यांतून समजा ६० पिल्ले समुद्राला लागली. पहिले वर्ष सर्वांत कठीण. त्यात निम्मी गेली, उरली ३०. पुढची चार वर्षे दर वर्षी दहातले एक जात राहिले, तर विणीच्या वयाला सुमारे २० पोचतील. ही जमा. वीस जमा, दहा खर्च : खाते वाढते आहे.

आता हंगाम एकाआड एक बुडू लागला असे धरा. सरासरी जमा दहावर येते आणि खाते जागच्या जागी थांबते. तीनपैकी दोन हंगाम बुडाले, तर जमा सातच्याही खाली जाऊन वसाहत आक्रसू लागते. याचा अर्थ असा की अधूनमधून बुडालेला एखादा हंगाम ही जात पचवू शकते. हजारो वर्षे पचवत आलेलीच आहे.

दुसऱ्या बाजूने पाहा. सगळे हंगाम उत्तम जात आहेत, पण प्रौढांचे जगण्याचे प्रमाण ९५ वरून ९० वर घसरले. वर्षाला दहाऐवजी वीस प्रौढ जातील. जमा वीस, खर्च वीस. म्हणजे प्रौढांत शेकडा पाचच जादा मृत्यू आणि प्रत्येक दुसरा हंगाम पूर्णपणे वाया जाणे, या दोन्हींचा परिणाम एकच! पिल्लांची प्रेते छायाचित्रात दिसतात. शंभरातले पाच जादा प्रौढ समुद्रात कुठेतरी गेले, तर कोणालाही दिसत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंदाची सगळी पिल्ले गेली तरी पुढच्या वर्षी वसाहतीत मोजणी करणाऱ्याला तेवढेच प्रौढ उभे दिसतील. खड्डा दिसेल तो पाच वर्षांनी, जेव्हा विणीला येणारी नवी तुकडीच येणार नाही. आजचा आकडा हा पाच-सहा वर्षांपूर्वीच्या हंगामांचा निकाल असतो. "संख्या अजून स्थिर आहे" असे वाचले की निश्चिंत होण्याचे कारण नाही.

मुद्दल खचले की काय होते, हे दूमों द्युरव्हीलजवळच्याच एम्परर वसाहतीने दाखवले आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ तिथे १९५०च्या दशकापासून पक्षी मोजत आहेत. 'मार्च ऑफ द पेंग्विन्स' हा गाजलेला माहितीपट याच वसाहतीवर चित्रित झाला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लागोपाठ काही वर्षे उबदार गेली, समुद्री बर्फ घटला आणि सुमारे ६,००० जोड्यांची वसाहत निम्म्यावर आली. पिल्ले कमी झाली म्हणून नव्हे. प्रौढ, त्यातही नर, जास्त मेले म्हणून. क्रिस्तोफ बार्ब्रो आणि ऑंरी वायमर्सकिर्श यांनी २००१ मध्ये या नोंदींचा ताळा मांडला तेव्हा एक विचित्र गोष्ट निघाली. ज्या वर्षी बर्फ जास्त, त्या वर्षी प्रौढ जास्त जगत, कारण त्यांचे अन्न बर्फाच्या आश्रयाने वाढते. पण अंडी कमी फुटत, कारण वाट लांब होई. एकच बर्फ मुद्दलाला तारत होता आणि व्याजाला मारत होता. पुढची अनेक वर्षे ती वसाहत निम्म्यावरच रेंगाळली.

हॅली बेचे तीन हंगाम

वेडेल समुद्राच्या काठावरचे हॅली बे ही एम्परर पेंग्विनांची जगातली दुसऱ्या क्रमांकाची वसाहत मानली जाई. दर वर्षी १४,००० ते २५,००० जोड्या तिथे जमत. इथला बर्फ भरवशाचा, अशी ख्याती होती. २०१५च्या प्रबळ एल निन्योनंतर वादळी वारे सुटले आणि २०१६च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पिल्ले तयार होण्याच्या दोन महिने आधी, बर्फ फुटला. त्या हंगामातली जवळपास सगळी पिल्ले गेली. २०१७ आणि २०१८ मध्येही बर्फ नीट धरला नाही, आणि लागोपाठ तीन हंगाम कोरडे गेले.

पण प्रौढ सगळे मेले नव्हते. हॅली बेच्या दक्षिणेला सुमारे ५५ किलोमीटरवर डॉसन-लॅम्ब्टन नावाची छोटी वसाहत आहे. तिची संख्या त्याच काळात दहा पटींहून जास्त फुगली. म्हणजे पक्ष्यांनी जागा बदलली. हे समजल्यावर पीटर फ्रेटवेल आणि फिल ट्रॅथन या ब्रिटिश संशोधकांनाही दिलासा वाटला असेल. पण सगळे तिकडे गेल्याचे दिसत नाही, आणि मुळात हलायला जवळपास चांगला बर्फ असेल तरच हा मार्ग उपयोगाचा.

२०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो मार्गच बंद झाला. तिथल्या ज्ञात पाच वसाहतींपैकी चार त्या हंगामात पूर्ण अपयशी ठरल्या. एखाद्या मोठ्या प्रदेशात एकाच वर्षी इतक्या वसाहती बुडाल्याची नोंद यापूर्वी नव्हती. सगळ्या शेजाऱ्यांची घरे एकाच वेळी फुटली तर आसरा कोणाकडे मागायचा? अंटार्क्टिकाचा समुद्री बर्फ २०१६ पर्यंत फारसा घटत नव्हता, थोडा वाढतच होता. त्यानंतर तो एकदम खाली आला आणि २०२३च्या फेब्रुवारीत १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली, उपग्रहांनी मोजणी सुरू केल्यापासूनच्या नीचांकाला, पोचला.

फेब्रुवारीतल्या बर्फाशी पिल्लांचा संबंध नाही, ती तोवर निघून गेलेली असतात. संबंध आहे तो मुद्दलाशी. प्रौढ एम्परर जानेवारी-फेब्रुवारीत सगळी पिसे टाकतो. जवळजवळ महिनाभर त्याला पाण्यात उतरता येत नाही, कारण नवी पिसे येईपर्यंत अंग जलरोधक नसते. तो महिना तो एखाद्या तरंगत्या बर्फाच्या तुकड्यावर उपाशी उभा राहून काढतो. तो तुकडा पायाखालून वितळला तर काय, हा प्रश्न मला हॅली बेच्या पिल्लांपेक्षाही जास्त काळजीचा वाटतो.

डागांवरून मोजणी

इतक्या दुर्गम ठिकाणचे आकडे मिळतात तरी कसे? उत्तर थोडे घाणेरडे आहे. एम्परर आठ-नऊ महिने एकाच जागी उभे राहतात आणि तिथला बर्फ विष्ठेने तपकिरी होतो. पांढऱ्या पसाऱ्यावर तो डाग उपग्रहातून दिसतो. फ्रेटवेल आणि त्यांचे सहकारी मुळात नकाशे तपासत होते. हॅली तळाजवळच्या बर्फावर हे डाग त्यांच्या नजरेत भरले. डाग सापडला की जास्त बारकाव्याचे चित्र मागवायचे आणि काळे ठिपके मोजायचे. या पद्धतीने २००९ सालची पहिली मोजणी झाली : ४६ वसाहती, सुमारे ५,९५,००० पक्षी, म्हणजे तोपर्यंतच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. आता ६६ वसाहती माहीत आहेत.

वसाहती वाढल्या म्हणून पक्षी वाढले असे मात्र नाही. आपली नजर सुधारली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वेडेल समुद्रापासून बेलिंग्सहाउझेन समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात २००९ ते २०२४ या पंधरा वर्षांत एम्परर सुमारे २२ टक्क्यांनी घटले.

ॲडेलींचा डाग गुलाबी असतो, कारण त्यांच्या पोटात क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे दिसणारे छोटे समुद्री जीव, असतात. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांतले असेच डाग पाहून हीदर लिंच आणि त्यांचे सहकारी द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या 'डेंजर आयलंड्स'कडे वळले. तिथे ड्रोन फिरवून मोजणी केली तेव्हा ॲडेलींच्या ७,५१,५२७ जोड्या निघाल्या. २०१८ पर्यंत जगाला या महावसाहतीचा पत्ता नव्हता. त्या बाजूला समुद्री बर्फ अजून टिकून आहे, आणि द्वीपकल्पाच्या पलीकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या, किनाऱ्यावर गोष्ट नेमकी उलटी आहे.

एकाच बेटाचे दोन रहिवासी

पश्चिम किनाऱ्यावर ॲन्व्हर्स बेटावर अमेरिकेचा पामर तळ आहे. संशोधक बिल फ्रेझर यांनी तिथे १९७०च्या दशकापासून ॲडेलींचा पाठपुरावा केला. तेव्हा आसपासच्या बेटांवर मिळून सुमारे १५,००० जोड्या होत्या. आज त्यांतल्या दहातल्या जेमतेम एक-दोन उरल्या आहेत. लिचफील्ड बेटावर तर २००७ मध्ये शेवटचे घरटेही उठले. तिथे शेकडो वर्षे ॲडेली राहत होते.

इथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमान सुमारे ३ अंशांनी वाढले आणि समुद्र गोठलेला राहण्याचा काळ वर्षाकाठी जवळजवळ तीन महिन्यांनी कमी झाला. पण फ्रेझर यांना घरट्यांच्या जागा पाहताना एक बारीक गोष्ट लक्षात आली. सगळ्या वसाहती सारख्या वेगाने संपत नव्हत्या. टेकडीच्या ज्या बाजूला वारा लागत नाही, त्या बाजूच्या आधी उठत होत्या.

कारण बर्फवृष्टी. हवा उबदार झाली की ती जास्त बाष्प धरते, आणि अंटार्क्टिकात ते बाष्प हिम होऊन पडते. म्हणजे तापमानवाढीमुळे घरट्यांवर जास्त हिम! वाऱ्याच्या बाजूचे हिम उडून जाते, आडोशाला ते साचते. ॲडेलीचे घरटे म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या खड्यांचा उथळ ढीग. खडे इतके मोलाचे की शेजाऱ्याची पाठ वळताच ते चोरले जातात. ही चोरी पर्यटकांना गमतीची वाटते, पण प्रत्येक खडा अंड्याला वितळलेल्या पाण्यापासून थोडा वर उचलतो. उशिरापर्यंत हिम साचले की ॲडेली गळ्यापर्यंत त्यात बुडून उबवत बसतो. ते वितळले की खड्यांमध्ये गार पाण्याचे डबके होते आणि अंडे त्यात नासते. दुसरी जागा का शोधत नाही? कारण ॲडेली वर्षानुवर्षे आपल्याच जुन्या जागी परततो. आजवर ही सवय शहाणपणाची होती.

जेंटूचे वागणे वेगळे आहे. हिम असले तर तो थोडा थांबतो किंवा सरकून बसतो. अंडे लवकर गमावले तर पुन्हा घालू शकतो. तो क्रिलही खातो आणि मासेही, आणि बऱ्याचदा वर्षभर त्याच भागात राहतो. समुद्र खुला राहू लागला तसा तो दक्षिणेकडे सरकला, आणि पामर भागात १९९०च्या दशकात वीण करू लागला. तिथे आज त्याच्या हजारो जोड्या आहेत. त्याला बर्फ घटल्याने फायदा झाला असे म्हणण्यापेक्षा, तो कशालाच फार बांधलेला नव्हता असे म्हणणे जास्त बरोबर.

चौकट : कोण कशाला बांधलेला?

एम्परर : किनाऱ्याला चिकटलेला बर्फ, एप्रिल ते डिसेंबर. वर्षाला एक अंडे.

ॲडेली : उन्हाळ्यात उघडा, कोरडा खडक, हिवाळ्यात समुद्री बर्फाची कड. दोन अंडी.

चिनस्ट्रॅप : जवळजवळ फक्त क्रिल. एलिफंट बेटावर १९७१ मध्ये सुमारे १,२२,००० जोड्या होत्या, २०२०च्या मोजणीत ५३,०००च्या आत.

जेंटू : अन्न, जागा, वेळ, तिन्हींत लवचीक. दोन अंडी, गरज पडल्यास पुन्हा.

ताटातला वाटेकरी

चिनस्ट्रॅपला बर्फ आवडत नाही. त्याला खुले पाणीच रुचते. मग बर्फ घटल्यावर तो वाढायला हवा होता. तो घटला, कारण त्याच्या ताटात दुसरे काही नाही. क्रिल हा फार तर ६ सेंटीमीटर लांबीचा जीव. त्याची पिलावळ पहिला हिवाळा समुद्री बर्फाच्या पोटाला चिकटलेले शेवाळ खरवडून काढते. बर्फ उशिरा धरला आणि लवकर सुटला की त्या वर्षीची क्रिलची तुकडी बारीक निघते.

त्यात वाटेकरी वाढले आहेत. विसाव्या शतकात देवमाशांची प्रचंड कत्तल झाली तेव्हा क्रिल खाणारी तोंडे कमी झाली आणि त्या काळात पेंग्विन फोफावले, असे बरेच अभ्यासक मानतात. आता देवमासे परतत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण माणूसही आला आहे. मत्स्यपालनाचे खाद्य आणि 'क्रिल ऑइल'च्या गोळ्यांसाठी जहाजे याच द्वीपकल्पाभोवती क्रिल ओढतात. या मासेमारीचे नियम १९८२ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग ठरवतो. भारत त्याचा सदस्य आहे, आणि आपल्या अंटार्क्टिक मोहिमांचा कारभार गोव्यात वास्कोहून चालतो, तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. आयोगाने या भागासाठी वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा घातली आहे. ती चार उपविभागांत वाटून देणारा नियम २०२४ अखेर संपला, आणि सर्वसहमतीच लागत असल्याने नवा ठरला नाही. परिणामी जहाजे सोयीच्या ठिकाणी एकवटली आणि २०२५ मध्ये ऑगस्टमध्येच मर्यादा गाठली गेल्याने हंगाम बंद करावा लागला. एकूण टन किती, यापेक्षा ते कुठून आणि कोणत्या महिन्यात काढले, हे पिल्लांच्या लहान वर्तुळासाठी महत्त्वाचे असते. वाटणीचा नियम संपू देणे ही माझ्या मते साधी ढिलाई नव्हती, ती चूक होती.

जुन्या सवयीचा सापळा

बर्फ मुळीच नसलेल्या ठिकाणी हेच गणित कसे चालते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. केपटाऊनजवळ बोल्डर्स बीचवर माणसांमधून डुलत चालणारा आफ्रिकन पेंग्विन आपण चित्रांत पाहिलेला असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पक्षी दहा लाखांहून जास्त असावेत. आज विणीच्या जोड्या १०,०००च्याही खाली आहेत, आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये या जातीला 'अतिसंकटग्रस्त' ठरवण्यात आले.

आधी माणसाने अंडी नेली आणि खतासाठी विष्ठेचे थर खरवडले. बीळ खणायला जागा उरली नाही आणि पक्षी उघड्यावर अंडी घालू लागले. मग त्यांचे मुख्य अन्न, सार्डिन आणि ॲन्चोव्ही, कमी झाले; समुद्र बदलला आणि जाळीही पडली. उरलेले मासे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकले. घरट्यांची बेटे अर्थातच जागची हलली नाहीत.

सर्वांत वाईट गोष्ट घरटे सोडलेल्या कोवळ्या पक्ष्यांची. ते कोणाच्या पाठीमागे जात नाहीत. गार आणि हिरवट पाण्याचा माग काढत पश्चिम किनाऱ्याने नामिबियाकडे जातात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे असत. गार, हिरवट पाणी आजही आहे. मासे नाहीत. उपग्रह-यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासातून हा सापळा २०१७ मध्ये पुढे आला. खूण खरी, पण तिच्यामागचा माल संपलेला.

इथे समुद्र थंड करणे कोणाच्या हातात नाही, जाळी थांबवणे आहे. पक्षीप्रेमी संस्था न्यायालयात गेल्या, मासेमारी उद्योगाशी तडजोड झाली आणि २०२५च्या मार्चमध्ये प्रिटोरियातल्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. रॉबेन, डासेन, डायर, सेंट क्रॉय, बर्ड ही बेटे आणि स्टोनी पॉइंट अशा सहा वसाहतींभोवती दहा वर्षे सार्डिन आणि ॲन्चोव्ही पकडायला बंदी आहे.

अंटार्क्टिकात असा आदेश बर्फाला देता येत नाही. तिथला हिशेब हवेतल्या कार्बनशी बांधलेला आहे. स्टेफनी जेनुव्रिये आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या गणितानुसार उत्सर्जन आहे तसेच चालू राहिले, तर या शतकाअखेर एम्परर पेंग्विनांच्या ८० टक्के वसाहती जवळजवळ नामशेष होतील. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तर हे प्रमाण १९ टक्के राहील.

दक्षिण आफ्रिकेतल्या बंदीचा निकालही लगेच दिसणार नाही. आफ्रिकन पेंग्विन साधारण चौथ्या वर्षी वीण सुरू करतो. बंदीच्या पहिल्या वर्षात जन्मलेली पिल्ले अंडी घालायला परततील ती २०२९च्या आसपास. त्याआधी आकडा आणखी घसरला म्हणून बंदी फसली असे कोणी म्हणाले, किंवा थोडा चढला म्हणून पेंग्विन वाचले असे कोणी जाहीर केले, तर दोन्हींवर विश्वास ठेवू नका.